अ‍ॅम्पमध्ये गेन भरपूर आहे, मग पिकअप कुठला घ्यायचा?

पत्र : दादा, मी नाशिकला असतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेस पॉल धाटणीची गिटार आहे, पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) कंपनीचेच. दिवाळीत सेकंडहँड २० वॉटचं वॉल्व्ह हेड (स्पीकर नसलेला वॉल्व्हचा अ‍ॅम्प) आणि १२ इंची एका स्पीकरचं कॅबिनेट घेतलं. आम्ही ड्रॉप सीमध्ये, म्हणजे तारा खाली उतरवून, सर्वांत जाड तार सीवर आणून वाजवतो. घरी आवाज एकदम मस्त येतो, पण बँडबरोबर वाजवायला लागलो की पाम म्यूटचा (तळहातानं तारा दाबून मारलेल्या तुटक सुरांचा) नुसता लगदा होतो आणि वाजवायचं थांबलो की गिटार किंचाळते. दुकानदार म्हणतो, १७ किलोओहमचा सिरॅमिक पिकअप टाक, सगळ्यात हॉट, म्हणजे जोराचा सिग्नल देणारा, तोच. मित्र म्हणतो, बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्हच घे. बारा हजार साठवलेत. कुठला घेऊ?

प्रिय मित्रा,

बारा हजार अजून खिशातच आहेत, हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे गिटार दुरुस्तीला येणारी निम्मी मुलं आधी पिकअप विकत घेतात, बसवून घेतात आणि मग विचारतात की आवाज तसाच का येतोय.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. घरी मस्त, बँडबरोबर लगदा. गिटार तीच, पिकअप तोच, अ‍ॅम्पही तोच. बदललं काय, तर आवाजाची पातळी आणि शेजारी वाजणारी माणसं. म्हणजे सगळा दोष पिकअपच्या माथी मारता येणार नाही. थोडा असेल, पण तो किती हे बाकीचं निस्तरल्याशिवाय कळायचं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या अ‍ॅम्पमध्ये गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, मुबलक आहे त्यानं सगळ्यात हॉट पिकअप घेऊ नये. त्यानं मध्यम ताकदीचा, खालच्या सुरांत आटोपशीर असलेला पिकअप घ्यावा. दुकानदाराचा सल्ला खोटा नाही, तो जुन्या काळाचा आहे. हॉट पिकअप मुळात कशासाठी जन्माला आले ते पाहिलंस की माझं म्हणणं पटेल.

गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, तयार केला आणि १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पिकअपची ताकद बेताची होती, डीसी रेझिस्टन्स, म्हणजे त्याच्या तारेचा विजेला विरोध, ७ ते ९ किलोओहमच्या घरात. साठच्या दशकातल्या मोठ्या मार्शल अ‍ॅम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे गेन तसाच ठेवून शेवटचा आवाज कमी करणारं बटण, नव्हतं. डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकचा तो फाटल्यासारखा आवाज, हवं असेल तर अख्खा अ‍ॅम्प पिळून काढायचा, नाहीतर गिटारकडूनच जोराचा सिग्नल पाठवायचा, एवढेच दोन मार्ग. म्हणून १९७२ मध्ये डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला तेव्हा तो हातोहात उचलला गेला. सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे, सिग्नल दणदणीत. अ‍ॅम्पच्या पहिल्याच वॉल्व्हला त्यानं धक्का द्यायचा आणि तिथून डिस्टॉर्शन सुरू व्हायचं. ज्या अ‍ॅम्पला गेन कमी पडत होता त्याला पिकअपनं हात दिला.

पुढे अ‍ॅम्पच बदलले. १९७५ मध्ये मार्शलनं मास्टर व्हॉल्यूमवालं २२०३ काढलं. १९८७ मध्ये सोल्डानोचा एसएलओ-१०० आला, १९९२ मध्ये पीव्हीचा ५१५०, आणि त्याच सुमारास मेसा बूगीचा रेक्टिफायर. यांच्या आत गेनच्या एकापाठोपाठ एक इतक्या पायऱ्या आहेत की साधी बेताच्या ताकदीची गिटार लावली तरी डिस्टॉर्शन उतू जातं. तुझं २० वॉटचं हेडही याच घराण्यातलं दिसतंय. त्याला बाहेरून धक्का मारायची गरज उरलेली नाही. आता पिकअपकडून हवी आहे ती स्वच्छता.

जास्त सिग्नल गेला तर बिघडतं काय, हे नीट समजून घे, कारण तुझ्या लगद्याचं मूळ तिथेच आहे. वॉल्व्ह एका मर्यादेपर्यंत सिग्नल मोठा करतो. त्यापुढे सिग्नलच्या लाटेचं डोकं छाटलं जातं. छाटल्यानंतर आवाज आणखी मोठा होत नाही, फक्त चपटा होतो. गिटारच्या सिग्नलमध्ये सगळ्यात मोठ्या लाटा असतात त्या जाड तारांच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या. छाटले जातात तेही आधी तेच. आणि दोन सूर एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात, जे तू वाजवलेलेच नसतात. तुझी खालची सी ६५ हर्ट्झची आहे, तिच्या वरची जी ९८ हर्ट्झची. या दोघींचा पॉवर कॉर्ड मारलास की दोघींच्या वजाबाकीतून साधारण ३३ हर्ट्झ निघतात, म्हणजे तुझ्या सीच्या बरोबर एक सप्तक खाली. पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये इतका भरदार लागतो तो यामुळेच, कारण हा आगंतुक सूर निदान मूळ सुरालाच धरून असतो. पण १२ इंची गिटार स्पीकर ७०-८० हर्ट्झच्या खाली धड वाजतच नाही. ती सगळी ताकद कोन नुसता हलवण्यात जाते. आणि त्यात तू तिसरा सूर मिसळलास, साधा मेजर कॉर्ड केलास, तर हे आगंतुक सूर एकमेकांशी भांडायला लागतात. तोच तुझा लगदा.

म्हणून हाय-गेनचं पहिलं सूत्र : बास डिस्टॉर्शनच्या आधी कमी करायचा, नंतर हवा तेवढा वाढवायचा. पिकअप निवडताना हीच गोष्ट डोक्यात ठेवायची. डिस्टॉर्शनच्या आधी जे काही येतं, म्हणजे तारा, पिकअप, त्याची उंची, पुढचा पेडल, ते सगळं खालच्या बाजूला जितकं सडपातळ तितका रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी गाण्यातली ओळ, ठोस.

आता त्या १७ किलोओहमविषयी. हा आकडा म्हणजे पिकअपची ताकद, असं सर्रास सांगतात. तसं नाही. पिकअपमध्ये चुंबकाबरोबर तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. ती तार ४२ गेजची असेल तर इन्सुलेशनशिवाय तिची जाडी ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाइतकी. मल्टिमीटर लावल्यावर कळतो तो त्या लांबलचक तारेचा विरोध, एवढंच. तेवढीच तार ४३ गेजची घेतली तर विरोध सव्वा पटीहून जास्त भरतो, पण वेढे तितकेच राहिल्यानं ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. तांब्याचा विरोध तापमानाबरोबरही बदलतो. हिवाळ्यात सकाळी १५ अंशांत ८ किलोओहम भरलेला पिकअप मे महिन्यात ४० अंशांत ८.८ दाखवतो. तो काही उन्हाळ्यात हॉट झालेला नसतो. एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपची तुलना करायला हा आकडा चालतो. त्यापलीकडे त्याच्यावर पैसे लावू नकोस.

ऐकण्याच्या दृष्टीनं खरा आकडा इंडक्टन्सचा, पण तो दुकानात कोणी सांगत नाही. जुन्या धाटणीच्या हमबकरचा ४ ते ५ हेन्री असतो, गच्च भरलेल्या पिकअपचा ८ हेन्रीपर्यंत जातो. पाच-सहा मीटरच्या नेहमीच्या केबलबरोबर पहिल्याचा उठाव, म्हणजे आवाज जिथे सर्वांत ठळक होतो ती जागा, साधारण ३,००० हर्ट्झला येतो, दुसऱ्याचा २,३०० च्या आसपास. त्याच्यावरचं सगळं दबतं. पिकची धार, तारेचा टणत्कार, दोन कॉर्डमधला स्पष्ट तुकडा, हे सगळं या वरच्या पट्ट्यातच असतं. वेढे वाढवत गेलास की नेमकं तेच जातं. लेस पॉल धाटणीची गिटार आधीच घुमदार असते, तिला आणखी झाकायला नको.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या महॉगनीच्या गिटारमध्ये मी बाजारातला सर्वांत जास्त किलोओहमचा पिकअप बसवला. घरी वाजवताना वाटलं, आता कोणी हात धरणार नाही. पुण्यात एका तळघरात आमची प्रॅक्टिस चालायची. दोन तास वाजवून झाल्यावर बेसवाला शांतपणे म्हणाला, ‘तुझा आवाज मोठा आहे, पण तू काय वाजवतोयस ते कळत नाही.’ तो भांडला असता तर मी ऐकलं नसतं. त्याचं ते शांत बोलणं मात्र मनाला लागलं. पुढच्या आठवड्यात मित्राची बेताच्या पिकअपची गिटार आणली, अ‍ॅम्पचा गेन आठवरून पाचवर घेतला, आणि पहिल्यांदाच ड्रमच्या प्रत्येक किकबरोबर माझा पाम म्यूट बसलेला ऐकू आला.

तुझ्या घरच्या आणि बँडच्या आवाजातला फरकही इथेच येतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण बास वाढवतो, मिडल खाली नेतो, गेन चढवतो आणि तो आवाज खोलीत भरून राहतो. तीच सेटिंग मोठ्या आवाजात नेली की कानाला बास पूर्ण ऐकू यायला लागतो आणि तो सगळ्यांवर बसतो. मिडल तर तू आधीच काढून टाकलेला असतो, आणि गिटारची जागा नेमकी मिडलमध्येच असते. बास ही बेस गिटारची आणि किकची जागा, वरची झिळमिळ सिंबल्सची. म्हणून सेटिंग घरी करू नकोस. प्रॅक्टिसच्या खोलीत, सगळे वाजत असताना कर. बास चारवर आण, मिडल सहावर ने, आणि गेन एकेका आकड्यानं उतरवत जा, पाम म्यूट सुटा ऐकू येईपर्यंत. एकट्यानं वाजवताना हा आवाज तुला कोरडा वाटेल. वाटू दे.

आता खर्च न करता करायच्या गोष्टी. तारा कुठल्या लावतोस ते तू लिहिलं नाहीस. दुकानातून आलेल्या १०-४६ (बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असतील तर ड्रॉप सीला त्या लोंबकळतात. जाड तार ईवरून सीवर आली की तिचा ताण ६३ टक्क्यांवर येतो. सैल तार मोठा झोका घेते, पिकनं मारल्याक्षणी सूर चढतो आणि मग खाली बसतो, पिकअपच्या जवळ येऊन धडधडते. लेस पॉल धाटणीत तारेची लांबी २४.७५ इंच, म्हणजे ताण आधीच थोडा कमी. ११-५४ चा संच लाव. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत जाड तार अडकत असेल तर ती खाच कारागिराकडून रुंद करून घे, घरी कानसीनं घासू नकोस. तारा बदलल्यावर इंटोनेशनही, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं, पुन्हा जुळव.

मग पिकअपची उंची. मला विचारशील तर सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि याला लागतो फक्त एक स्क्रू-ड्रायव्हर. पिकअपच्या दोन टोकांना, चौकटीवर, दोन स्क्रू असतात. त्यांच्याखाली स्प्रिंग असते. स्क्रू उलटा फिरवलास की पिकअप खाली जातो. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धर, आणि तारेचा खालचा काठ ते पिकअपवरच्या लोखंडी डोक्यांपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोज. ब्रिजवर, म्हणजे मानेपासून लांबच्या पिकअपला, साधारण १.६ मिलिमीटर ठेवायची पद्धत आहे. तू जाड तारेच्या बाजूला ते ३ मिलिमीटरपर्यंत ने आणि बारीक तारेच्या बाजूला २ वर ठेव. दर अर्ध्या फेऱ्याला थांब, एकच रिफ वाजव, ऐक. आवाज थोडा लहान होईल, तो अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमनं भरून काढ. पण एका ठिकाणी आल्यावर जाणवेल की कॉर्डमधल्या तारा एकमेकींपासून सुटल्या, पिकचा ‘टक्’ परत आला. तिथे थांबायचं. माझ्याकडे ‘पिकअप बदलायचाय’ म्हणून आलेल्या कितीतरी गिटार याच जागी, पाच मिनिटांत, तशाच परत गेल्या आहेत. उलटंही होतं. जास्त आवाजाच्या हौसेपायी पिकअप तारेला चिकटेपर्यंत वर आणतात, मग चुंबक तारेलाच ओढतो, सूर लहरतो आणि टिकाव कमी होतो.

एवढं करूनही बास सुटत नसेल तर बारा हजारांतला पहिला खर्च पिकअपवर करू नकोस. ट्यूब स्क्रीमर जातीचा हिरवा ओव्हरड्राइव्ह पेडल घे, देशी बनावटीचाही चालेल. त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर, आणि तो अ‍ॅम्पच्या आधी. हा पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग मागे ठेवतो आणि मधला भाग पुढे ढकलतो. म्हणजे आपलं ते सूत्र, बास डिस्टॉर्शनच्या आधी कमी करायचा, तो एका पावलात करतो. मोठमोठ्या मेटल बँडच्या गिटारवाल्यांसमोर इतका गेन असलेला अ‍ॅम्प असूनही हा पेडल का दिसतो, याचं उत्तर हेच.

आता किंचाळण्याबद्दल. त्याचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण बंद कर. आवाज तसाच राहिला तर दोष गिटारमध्ये नाही, केबल, अ‍ॅम्प किंवा विजेच्या जोडणीत आहे. बंद झाला तर व्हॉल्यूम पुन्हा उघड आणि सगळ्या तारा हातानं घट्ट दाबून धर. किंचाळणं थांबलं तर तो तारांचा फीडबॅक आहे, गेन जास्त आहे किंवा तू कॅबिनेटच्या अगदी समोर उभा आहेस. तारा दाबूनही बारीक, शिट्टीसारखा आवाज चालूच राहिला तर पिकअप मायक्रोफोनिक आहे, म्हणजे आतले वेढे सैल आहेत आणि तेच हादरतायत. खात्री करायची तर अ‍ॅम्प हळू ठेवून पिकअपवर प्लास्टिकच्या पिकनं हलकेच टकटक कर. माइकवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला की समजायचं. असा पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून वेढे जखडतात. एडी व्हॅन हेलन यांनी आपल्या गिटारच्या पिकअपला हाच उपाय केला होता. पण तू घरी गॅसवर मेण वितळवू नकोस. ते पेट घेऊ शकतं, आणि जास्त तापलं तर पिकअपचा प्लास्टिकचा सांगाडा वाकतो. तुझा पिकअप मायक्रोफोनिक निघाला तर बदलायला ते एक खरं कारण झालं.

घरघर मात्र वेगळी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि हाय-गेन अ‍ॅम्प ती घरघरही रिफइतकीच मोठी करतो. हमबकरच्या दोन कॉइल उलट्या वेढ्यांच्या आणि उलट्या चुंबकध्रुवांच्या असल्यानं ती बरीचशी कापली जाते. पण पंख्याचा जुना रेग्युलेटर, डिमर, चोकवाली ट्यूबलाइट यांची करकर हमबकरमध्येही शिरते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर गिटार ठीक आहे, आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा चिकटवून घेतलास की आणखी फरक पडेल.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. तुझ्या घरच्या आणि प्रॅक्टिसच्या खोलीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या गाळ्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनच्या मागे वायरच नसते. तुझ्या गिटारच्या तारा केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या चासिसला जोडलेल्या आहेत. अ‍ॅम्पमध्ये दोष आला आणि अर्थ नसला तर ती वीज तुझ्या बोटांपर्यंत येते. गाताना ओठ माइकला लागून झटका बसतो तो यातूनच. घरघर कमी करायला अर्थची पिन काढून टाकणारी मंडळी भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. आणि वॉल्व्ह हेड स्वतः उघडू नकोस. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

एवढ्यानंतरही पिकअप बदलावासा वाटला, आणि ड्रॉप सीसाठी तो वाटेलही, तर फक्त ब्रिजचा बदल. तुझे सगळे रिफ तिथेच वाजतात. मी तुझ्या जागी असतो तर सेमूर डंकनचा एसएच-५, ज्याला कस्टम म्हणतात, तो घेतला असता. सिरॅमिक चुंबक, १४ किलोओहम, वाटला तर हॉट म्हण, पण तो खाली पसरत नाही आणि वर झाकोळत नाही. महॉगनीच्या जाड गिटारला तो बसतो. त्याच कंपनीचा जेबी फार लोकप्रिय आहे, अल्निको ५ जातीचं चुंबक आणि १६ किलोओहमच्या वर. त्याचा उठाव वरच्या मिडलमध्ये आहे, सोलोला तो गातो. पण तुमच्या खालच्या ट्युनिंगमधल्या भरभर पाम म्यूटला मी तो पहिल्या पसंतीनं सुचवणार नाही. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आजही चांगलाच आहे, फक्त तो आणलास तर उंची मुद्दाम कमी ठेव. आणि कधी संधी मिळाली तर डंकनच्या ५९ सारखा ८ किलोओहमचा साधा पिकअप तुझ्या अ‍ॅम्पवर, पुढे तो हिरवा पेडल लावून ऐकच. मेटलला एवढासा पिकअप? असं वाटेल. ऐकल्यावर सांग.

सिरॅमिक की अल्निको, यावर लोक तासन् तास वाद घालतात. सिरॅमिक चुंबक जोरदार, आवाज ठोस आणि धारदार लागतो, अल्निको थोडा मवाळ, हे ढोबळपणे खरं आहे. पण वेढे किती आणि तार कुठली, याचा वाटा चुंबकापेक्षा कमी नाही. नुसतं ‘सिरॅमिक’ एवढं नाव वाचून घेऊ नकोस.

तुझ्या मित्राचा अ‍ॅक्टिव्हचा सल्ला मी झटकून टाकत नाही. उलट तो दुकानदारापेक्षा बरोबर आहे, फक्त कारण वेगळं आहे. ईएमजी ८१ हाय-गेनमध्ये इतका स्वच्छ वाजतो तो प्रचंड ताकदीमुळे नव्हे. त्याच्या कॉइलला वेढे कमी असतात आणि पिकअपच्या आतच एक छोटा प्रीअ‍ॅम्प बसवलेला असतो, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्यामुळे केबल लांब असली तरी वरचे सूर जात नाहीत, घरघर फार कमी, आणि बास मुळातच आवळलेला. जेम्स हेटफिल्ड यांनी वर्षानुवर्षं ब्रिजवर ८१ आणि नेकवर ६० वापरले. फिशमनच्या फ्लुएन्समध्ये तर तार गुंडाळतच नाहीत, कॉइल छापील सर्किटचे थर रचून केलेले असतात. तक्रार एकच, गिटारचा व्हॉल्यूम कमी करून थोडा मऊ आवाज काढायची सवय असेल तर ८१ तिथे कोरडा पडतो. शिवाय त्याला ५०० किलोओहमचे नेहमीचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) चालत नाहीत, २५ किलोओहमचे लागतात, जॅक स्टीरिओ लागतो, बॅटरीला जागा लागते, आणि नेकचा पिकअपही अ‍ॅक्टिव्हच घेतलेला बरा. तुझ्या बारा हजारांत हे सगळं बसतं का, ते आधी विचारून घे. तुमचा बँड फक्त मेटल वाजवणार असेल तर घे, मी अडवणार नाही. इतरही काही वाजवायचं मनात असेल तर आत्ता नको.

बसवताना एक काळजी. चार वायरींच्या पिकअपचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. सेमूर डंकनमध्ये काळी वायर गरम, म्हणजे सिग्नलची, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची. डिमार्झिओमध्ये लाल वायर गरम, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. एकीचा नकाशा दुसरीला लावलास तर आवाज बारीक, नाकातला येतो. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र ठेवलेस आणि स्विच मधोमध नेल्यावर तसा आवाज आला तर दोन्ही उलटसुलट फेजमध्ये आहेत असं समज, आणि ब्रिजच्या गरम व हिरव्या वायरींची अदलाबदल कर. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू दे. पॉटच्या पाठीवर सोल्डर मारायला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. पाठ तापेपर्यंत धरून बसावं लागतं आणि तोवर आतला कार्बनचा पट्टा भाजतो. ४० ते ६० वॉटची घे, पाठ सँडपेपरनं आधी खरवड, तीन सेकंदांत काम आटप. मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून मल्टिमीटर आणि चांगलं ६०-४० सोल्डर मागवून घे, दोन्ही जन्मभर कामाला येतील.

जुना पिकअप काढताना त्याच्या वायरी पॉटपाशी कापू नकोस, सोल्डर वितळवून पूर्ण लांबीनं सोडव. कागदाच्या पाकिटात घालून वर तारीख, ‘ब्रिज’ आणि मल्टिमीटरचा आकडा लिहून ठेव. नवा बसवल्यावर महिनाभर प्रॅक्टिसमध्ये वाजव. मन जुन्याकडेच ओढ घेत असेल, तर पाकीट उघडायचं आणि परत बसवायचा.